घाटात गाडी मरते, म्हणून सायलेन्सर बदलायचाय

पत्र:

दादा, मी इचलकरंजीचा, वय २३. एका प्रोसेसिंग युनिटच्या ऑफिसात पहिली नोकरी. माझ्याकडे यामाहाची आर१५ व्ही४ आहे, अडीच वर्षं झाली, १९ हजार किलोमीटर पळालीय. अधनंमधनं आम्ही चौघं मित्र आंबा घाटातनं रत्नागिरीला जातो. येताना साखरप्यावरनं घाट चढायला लागलं की प्रत्येक वळणानंतर माझी गाडी मरते, आणि मित्राची २५० सीसी सरळ निघून जाते. ३५ हजार साठवलेत. कोल्हापुरात उद्यमनगरातला एकजण म्हणाला, फुल सिस्टिम एक्झॉस्ट (इंजिनपासून मागच्या डब्यापर्यंत सगळा पाइप) टाक, कॅट (धूर साफ करणारा भाग) काढून टाक, ३ हॉर्सपॉवर वाढेल आणि आवाजपण कडक येईल. १६ हजार सांगितलेत. उरलेल्या पैशात रेसिंग फिल्टर, मागं १५० चा टायर, टेल टायडी (मागचा लांब मडगार्ड काढून नंबर प्लेटसाठी छोटी पट्टी), शॉर्ट लिव्हर, फॉग लाइट, आणि साडी गार्ड काढून टाकायचं असा बेत आहे. बाबा म्हणतात, फटफट आवाजाची गाडी दारात लावायची नाही. आई गप्प आहे, पण दर पौर्णिमेला ज्योतिबाला माझ्याच मागं बसून जाते. काय करू? नाव छापू नका.

उत्तर:

तुझी तक्रार ओढीची आहे आणि औषध तू आवाजाचं शोधलंयस. बाबांशी वाद आवाजावरनं चाललाय, त्यामुळं ओढीचा प्रश्न बाजूलाच राहिला. आपण आधी तो घेऊ.

वळणातनं बाहेर पडताना तू कितव्या गिअरमध्ये असतोस, हे पत्रात लिहिलेलं नाहीस. माझा अंदाज सांगतो: चौथ्यात, आणि काटा साडेचार-पाच हजारांच्या आसपास. तुझ्या गाडीचं इंजिन १५५ सीसीचं. कंपनीच्या आकड्यांप्रमाणं त्याची पूर्ण ताकद, १८.४ पीएस, १०,००० आरपीएमला मिळते आणि सगळ्यात जास्त टॉर्क, १४.२ न्यूटन-मीटर, ७,५०० ला. आत इनटेकच्या, म्हणजे हवा आत घेणाऱ्या, व्हॉल्व्हना उघडायला दोन कॅम आहेत. खालच्या आरपीएमला छोटा कॅम चालतो, ७,४०० च्या पुढं गेलास की मोठा कॅम लागतो आणि मीटरवर ‘व्हीव्हीए’ अशी खूण उमटते. चढावर पाच हजारांवर थ्रॉटल पूर्ण पिळलास तर गाडी मरणारच, कारण तिचा अर्धा जोर अजून झोपलेला आहे. मित्राची २५० तिथंच ओढते, कारण तिच्याकडं खालूनच जास्त टॉर्क आहे. त्याच्या गिअरमध्ये राहून त्याच्या मागं जायचा हट्ट धरलास तर १६ हजारांचा पाइप लावूनही तू मागंच राहशील.

तेव्हा एक रुपया खर्च करण्याआधी पुढच्या फेरीत एवढंच करून बघ. वळण यायच्या आधी, गाडी सरळ असतानाच, ब्रेक मारून एक गिअर खाली घे. दुसरा लागला तर दुसरा. व्ही४ ला स्लिपर क्लच आहे, त्यामुळं गिअर खाली घेताना मागचं चाक एकदम अडकून उडत नाही. वळणात हलका, स्थिर थ्रॉटल ठेव आणि बाहेरचा रस्ता दिसला की उघड. काटा सात हजारांच्या वर राहिला पाहिजे. इंजिन ओरडतंय म्हणून घाबरू नकोस, या इंजिनाचा जन्मच त्यासाठी झालाय. तुम्ही पोरं रोज बाजारातनं, ट्रॅफिकमधनं चौथ्या-पाचव्यात रेंगाळत चालवता आणि तीच सवय घाटात नेता.

एवढं करूनही ओढ कमी वाटली, तर १९ हजार किलोमीटर झालेल्या गाडीत बघायच्या गोष्टी साध्या आहेत. एअर फिल्टर शेवटचा कधी बदलला? इचलकरंजीच्या हवेत धुळीबरोबर कापसाचं तूसही असतं, तिथं मॅन्युअलमधल्या अंतराची वाट बघत बसू नये. चेन किती ढिली आहे, स्प्रॉकेटचे (चेन फिरते त्या चक्राचे) दात एका बाजूला झुकून हुकासारखे झालेत का? मागचं चाक वर उचलून हातानं फिरवल्यावर ब्रेक पॅड घासतोय का? क्लच केबलला खेळ आहे का, की क्लच अर्धवट उचललेलाच राहतोय? स्पार्क प्लग, टायरमधली हवा. यातल्या दोन-तीन गोष्टी एकत्र बिघडल्या की गाडी ‘बसल्यासारखी’ होते आणि माणूस सायलेन्सरच्या दुकानात जाऊन उभा राहतो.

आणि हे सगळं बघून खरंच थोडी जास्त ओढ हवी असेल, तर सगळ्यात स्वस्त उपाय स्प्रॉकेटचा. चेन-स्प्रॉकेट बदलायची वेळ आलीच असेल तर मागचं दोन दातांनी मोठं टाक. प्रत्येक गिअरमध्ये चाकाला मिळणारा जोर साधारण ४ टक्क्यांनी वाढतो. त्याची किंमत म्हणजे हायवेला त्याच वेगाला इंजिन तेवढंच जास्त फिरणार, पेट्रोल थोडं जास्त जाणार. चार टक्के ऐकायला कमी वाटतात, पण पाइपवाल्यानं सांगितलेल्या तीन हॉर्सपॉवरपेक्षा ते खरे आहेत.

आता त्या तीन हॉर्सपॉवरकडं येऊ. अठरामध्ये तीन म्हणजे सोळा टक्के. नुसता पाइप बदलून एवढी वाढ होत असती तर यामाहाच्या इंजिनिअरांनी ती सोडली नसती. एक सिलिंडरच्या छोट्या गाडीला फक्त मागचा डबा, म्हणजे स्लिप-ऑन, बदलला तर हाती येतं ते वजनात थोडी घट आणि आवाज. फुल सिस्टिमनं, आणि त्यावर नीट मॅपिंग (इंजिनच्या कॉम्प्युटरमधल्या पेट्रोलच्या तक्त्याची जुळणी) करून घेतलं तर, वरच्या आरपीएमला एखादा हॉर्सपॉवर मिळू शकतो. कुणी याहून जास्त सांगितलं तर भांडू नकोस, एकच माग: माझीच गाडी, त्याच दिवशी, त्याच डायनोवर (ताकद मोजायच्या यंत्रावर), पाइप बदलायच्या आधीचा आणि नंतरचा कागद. दुसऱ्याच्या गाडीचा मोबाइलवरचा फोटो चालणार नाही.

पाइपनं नेमकं काय होतं ते समजून घे, म्हणजे पुन्हा कुणी फसवणार नाही. एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह उघडला की जळलेल्या वायूचा एक धक्का पाइपमधनं धावत जातो. पाइपचा आकार जिथं मोठा होतो तिथनं एक उलटी, ओढणारी लाट परत इंजिनकडं येते. ती लाट इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही व्हॉल्व्ह थोडे उघडे असतानाच्या क्षणी पोचली, तर उरलासुरला धूर बाहेर खेचला जातो आणि ताजी हवा जास्त आत येते. ती कुठल्या आरपीएमला वेळेवर पोचणार हे पाइपची लांबी आणि जाडी ठरवते. गॅरेजमध्ये सगळे ज्याला ‘बॅक प्रेशर’ म्हणतात, ते या हिशेबाचं ढोबळ नाव. दाब नको असतो, लाटेची वेळ हवी असते. जाडजूड मोकळा पाइप लावला की खालच्या आरपीएमला वायूचा वेग पडतो, लाटेची वेळ चुकते, आणि चार ते सहा हजारांमधला टॉर्क उलट कमी होतो. म्हणजे साखरप्याच्या चढावर तुला जिथं गाडी मरते असं वाटतं, नेमकं तिथंच ती आणखी मरेल. आवाज मात्र इतका वाढलेला असेल की तुला ती जोरात पळतेय असं वाटेल. या धंद्यातला निम्मा फायदा या वाटण्यावरच उभा आहे.

दुसरा भाग इंधनाचा. तुझी गाडी बीएस६ आहे. एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर इसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, हवा-पेट्रोलच्या मिश्रणाची खबर देत असतो, त्यामुळं हळू, एकसारखं चालवताना इसीयू स्वतःच पेट्रोल कमी-जास्त करून घेतो. पण थ्रॉटल पूर्ण उघडलास की तो सेन्सरचं ऐकत नाही, आत साठवलेल्या तक्त्यावर चालतो. तो तक्ता कंपनीच्या पाइपसाठी लिहिलेला आहे. मोकळा पाइप आणि मोकळा फिल्टर दोन्ही टाकलेस तर हवा वाढते, पेट्रोल तेवढंच राहतं, मिश्रण लीन होतं आणि इंजिन तापतं. ११.६ ला १ असं कॉम्प्रेशन असलेल्या इंजिनाला घाटात, भर उन्हात, दोघं बसलेले असताना हे सोसत नाही. थ्रॉटल सोडल्यावर जे ‘फटाके’ वाजतात आणि पोरं व्हिडिओ काढतात, ते बऱ्याचदा लीन मिश्रणाचे किंवा जोडावर गळणाऱ्या पाइपचे असतात. न जळलेलं पेट्रोल पाइपमध्ये जाऊन जळतं. उपाय आहे: इसीयूचं रीमॅपिंग किंवा त्याला जोडायचा वेगळा पिगीबॅक मोड्यूल. पण त्याचे पैसे तुझ्या १६ हजारांत धरलेले नाहीत, हे त्याला विचार. तो सेन्सर काढून त्याच्या भोकात बोल्ट मारतो म्हणाला, तर गाडी तिथनं घेऊन ये. वॉरंटी शिल्लक असेल तर इंजिनच्या दाव्यावरही पाणी सोड.

कायद्याचं थोडक्यात. १७५ सीसीपर्यंतच्या, ८० सीसीच्या वरच्या दुचाकीला कारखान्यात पास होताना आवाजाची मर्यादा ७७ डेसिबल आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलाविरुद्ध बदल करता येत नाही, आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानंही तेच ठणकावून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ मध्ये मालकाला प्रत्येक बदलामागं ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. आवाज आणि प्रदूषणासाठी कलम १९०(२) वेगळं: पहिल्या खेपेला १०,००० पर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, आणि लायसन्स तीन महिने अपात्र. प्रत्यक्षात चौकात काय होतं ते तुला माहीत आहे, पाना आणून सायलेन्सर तिथंच उतरवतात. पुण्यात, नागपुरात पोलिसांनी अशा सायलेन्सरच्या रांगा लावून वरनं रोडरोलर फिरवलाय, ते फोटो सगळ्यांनी पाहिलेत. ‘डीबी किलर लावलाय साहेब’ हे उत्तर चालत नाही, कारण आवाज दाबायला पाइपच्या तोंडात बसवलेला तो तुकडा एका स्क्रूवर निघतो हे पोलिसालाही ठाऊक असतं. आणि पाइपवर ‘एआरएआय अप्रूव्ड’ (गाड्या तपासून मान्यता देणारी पुण्याची संस्था) असं स्टिकर दिसलं तर त्या मॉडेलच्या गाडीसाठीचा कागद माग. युरोपातल्या मान्यतेचं ‘ई’ चिन्हही आपल्याकडं चालत नाही. आपल्याकडं मान्यता गाडीला मिळते, तिच्या मूळ सायलेन्सरसकट.

दंडापेक्षा मला काळजी विम्याची वाटते. उद्या काही झालं आणि सर्व्हेअरनं गाडीत न कळवलेले बदल लिहिले, तर दावा अडतो. तिथं तुझी दोन वर्षांची बचत जाईल.

एवढं ऐकूनही तुला आवाज हवाच असेल, तर तो हवा म्हणून हवा असं कबूल कर, ओढीचं नाव पुढं करू नकोस. मग तो रस्त्यावर नको, ट्रॅकवर ने. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक आहे, कोइमतूरला करी मोटर स्पीडवे आहे, दोन्हीकडं छोट्या गाड्यांच्या शर्यती आणि प्रशिक्षणाचे दिवस होतात. तिथं पाइप मोकळा असला तर कुणाची झोप मोडत नाही. त्यासाठी घ्यायचा तर वेल्डिंग बघून घे. जोडावरचे टाके एकसारखे, बारीक हवेत. ‘अक्रापोविच’ लिहिलेला डबा अडीच हजारांत मिळत असेल तर तो स्लोव्हेनियातनं आलेला नाही, एवढं तुला कळत असेलच. नकली डब्यात काचेच्या लोकरीचं पॅकिंग पातळ असतं, काही महिन्यांत जळून जातं आणि नंतर उरतो तो पत्र्याचा खणखणाट. मूळ पाइप विकू नकोस, जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर ठेव. काढताना हेडच्या दोन नटांवर आदल्या रात्री पेनिट्रेटिंग ऑइल मारून ठेवायला सांग, आणि अर्धा आटा सैल, पाव आटा घट्ट, असं करत नट काढायला लाव. जोर लावून पिळला तर गंजलेला स्टड अॅल्युमिनियमच्या हेडमध्येच तुटतो, आणि तो काढणं पाइपपेक्षा महाग पडतं.

आता यादीतल्या बाकीच्या वस्तू.

साडी गार्ड काढायचं नाही. यात चर्चा नाही. आई तुझ्या मागं बसून ज्योतिबाला जाते, पदर किंवा ओढणी मागच्या चाकात गेल्यावर काय होतं ते मी इथं लिहीत नाही. मागचं चाक निदान अर्धं झाकणारं संरक्षण हवं, असं केंद्रीय मोटार वाहन नियमातही आहे. गाडी ‘भरलेली’ दिसते म्हणून ते काढणारी पोरं आपल्या घरातल्या बायकांना कधी मागं बसवत नसावीत.

शॉर्ट लिव्हर नकोत. दीड-दोन हजारांच्या सीएनसी लिव्हरमध्ये पिव्होटला खेळ असतो, आणि वाईट म्हणजे काहींचा ब्रेकचा दांडा मास्टर सिलिंडरच्या पिस्टनला किंचित दाबूनच राहतो. गाडी पाच-दहा किलोमीटर चालली की पुढची डिस्क तापते, फ्लुइड फुगतं आणि ब्रेक आपोआप लागायला लागतो. घाटात हे घडलं तर विचार कर.

टेल टायडी दिसायला चांगली, पण पावसात मागच्या माणसाच्या पाठीवर आणि तुझ्या मागच्या दुचाकीवाल्याच्या तोंडावर चिखल. नंबर प्लेट तिरकी होऊन वाचता आली नाही तर पुन्हा चौकातलीच गोष्ट. मी तरी सोडून देईन.

फॉग लाइटला मात्र माझा विरोध नाही. आंब्याला पावसाळ्यात दहा फुटांपलीकडं काही दिसत नाही, तिथं खाली झुकवलेला पिवळा प्रकाश उपयोगी पडतो. फक्त रिले आणि वेगळा फ्यूज लावून, कंपनीची वायरिंग न कापता, कपलरवर बसवून घे. आणि समोरनं कुणी आलं की बंद. पांढऱ्या एलईडीच्या पट्ट्या लावून समोरच्या एसटी ड्रायव्हरला आंधळं करणाऱ्यांची संख्या तू वाढवू नकोस.

रेसिंग फिल्टर नको, वर कारण सांगितलंय. उघडा शंकूसारखा फिल्टर तर अजिबात नको, पावसात तो पाणी ओढतो.

राहिला टायर, आणि इथं तुझा विचार अर्धा बरोबर आहे. १९ हजारांनंतर मागचा टायर मधोमध सपाट झाला असणार. हाताचा तळवा आडवा फिरवून बघ, मधला पट्टा चपटा लागला आणि कडेला धार जाणवली तर वळणात गाडी आधी झुकायला नाही म्हणते आणि मग एकदम पडल्यासारखी झुकते. घाटातला तुझा निम्मा आत्मविश्वास तिथंच जातो, आणि आत्मविश्वास गेला की थ्रॉटल उघडत नाही. टायर बदल. पण १५० नको. कंपनीनं १४०/७० चा रेडियल दिलाय, तोच आकार घे. रुंद टायर त्याच रिमवर चढवला की दोन्ही बाजूंनी आवळला जातो, मधला भाग फुगतो, झुकवल्यावर कडेची रबर रस्त्याला नीट टेकत नाही. वजन वाढतं ते वेगळंच, १५५ सीसीला तेही ओढावं लागतं. चांगल्या कंपनीचा मऊ रबराचा रेडियल घे, पुढचाही झिजला असेल तर दोन्ही एकदम. दुकानात टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाच: पहिले दोन आठवडा, शेवटचे दोन वर्ष. ‘२३१९’ असेल तर तो २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला आहे, सवलतीत देत असला तरी घेऊ नकोस.

टायरनंतर ब्रेक. अडीच वर्षांत फ्लुइड बदललं नसेल तर आत्ता बदल, ते हवेतली ओल शोषतं आणि उतारावर तापलं की लिव्हर स्पंजासारखा होतो. डब्याच्या झाकणावर जो ग्रेड लिहिलाय तोच टाक. पॅड चांगले घे. रेडिएटरला जाळी बसव, घाटातली खडी ट्रकच्या चाकाखालनं थेट तिथंच येते, आणि ती जाळी काही शेकड्यांत मिळते.

उरलेल्या पैशात जॅकेट आणि हातमोजे. कोपर, खांदा आणि पाठीला सीई मान्यतेचं आर्मर असलेलं जाळीचं जॅकेट आपल्या उन्हाळ्यातही घालता येतं. तू पत्रात सगळ्या गाडीची यादी दिलीस आणि अंगावर काय घालतोस याबद्दल अक्षरही नाही, म्हणून विचारतो: हेल्मेट आयएसआय मार्कचं, हनुवटी झाकणारं, आणि कधी न आपटलेलं आहे ना? नसेल तर जॅकेटच्या आधी ते.

टायर, ब्रेकचं काम, चेन-स्प्रॉकेट, जाळी, जॅकेट, हातमोजे हे सगळं तुझ्या ३५ हजारांत बसावं, फॉग लाइटपुरतेही उरतील. बाबांना हिशेब दाखव. सायलेन्सरचा विषय काढायचीही गरज नाही.

नवे टायर बसवल्यावर पहिले शे-दीडशे किलोमीटर मात्र जपून. नव्या रबरावर चकचकीत थर असतो, तो झिजेपर्यंत पकड नसते. इचलकरंजी-कोल्हापूर दोन-तीन फेऱ्या कर, हळूहळू झुकवत ने, जोरात ब्रेक मारू नकोस. आणि आंब्याचा बेत त्यानंतरच्या रविवारी ठेव.